लांब पल्ल्याची सायकल आणि घड्याळ

लांब पल्ल्याची हौशी सायकल ही शर्यत नव्हे आणि कामावरची ये-जाही नव्हे. सोबत मदतीची गाडी न घेता एका दमात शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त किलोमीटर कापायचे आणि ठरल्या वेळेत परत यायचे, एवढाच तिचा अर्थ. फ्रान्समधील ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेने या हौसेला नियमांची चौकट दिली. ‘ब्रेव्हे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या फेऱ्या पुण्या-मुंबईत आणि नाशिक-नागपुरातही होतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. घड्याळ मात्र एकदा सुरू झाले की जेवणासाठी थांबत नाही, पंक्चरसाठीही नाही.

महाराष्ट्राला ही हौस नवी नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर कापून 1928 च्या मार्चमध्ये परतले. अलीकडे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये जोडीने ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली; त्या प्रवासात कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले आणि स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटले गेले. ही नावे मोठी आहेत. पण या हौसेतले सुख आणि धोका सामान्य माणसाच्या वाट्याला येतो तो सुट्टीच्या दिवशी, घरापासून शंभरएक किलोमीटरवरच्या एखाद्या गावाच्या रस्त्यावर.

जुन्नर तालुक्यातले पिंपरी पेंढार हे तसे गाव. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या महामार्गावर ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये ते आहे. पुण्याहून नाशिक रस्त्याने आळेफाट्यापर्यंत यायचे आणि डावीकडे वळायचे. अंतर शंभराच्या थोडे वर भरते. म्हणजे जाऊन-येऊन दोनशेची फेरी आपोआपच होते.

या वाटेवरचे पहिले सुख भूगोलाचे. मोटारीतून जाणाऱ्याला मोशीची इंद्रायणी, राजगुरुनगरची भीमा, कळंबजवळची घोड, नारायणगावची मीना आणि त्यापुढची कुकडी या नद्या म्हणजे पाच पूल. सायकलवाल्याला त्या पुलाच्या आधीच कळतात, कारण नदीकडे उतार असतो आणि नदीनंतर चढ. पाचही नद्यांचे पाणी शेवटी भीमेतच जाते, हे शाळेत पाठ केलेले वाक्य इथे मांड्यांना समजते. खेडचा घाट संपला की हवा बदलते. पुढे नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजाराचा वास लागतो, उजव्या हाताला दूर खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या आहेत, डाव्या हाताला जुन्नर आणि शिवनेरी. आळेफाटा सोडून पिंपरी पेंढारकडे वळले की माळशेजच्या बाजूचे डोंगर समोर येतात. पिंपळगाव जोगा धरणाच्या कालव्याने हा पट्टा हिरवा केला आहे: ऊस, कांदा, टोमॅटो. ताशी वीस किलोमीटरचा वेग या सगळ्यासाठी अगदी बेताचा आहे. चालणाऱ्याला एका दिवसात एवढा मुलूख पाहून होत नाही आणि मोटारीतल्याला तो दिसत नाही.

दुसरे सुख शरीराचे. ब्रिटनमध्ये दोन लाख चौसष्ट हजार लोकांचा अभ्यास झाला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सायकलने कामावर जाणाऱ्यांत अकाली मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात हा आकडा रोजच्या, मध्यम अंतराच्या सायकलीचा आहे. दोनशे किलोमीटरला तो जसाच्या तसा चिकटवण्याचे कारण नाही. एका दिवसात एवढे अंतर कापणे हा आरोग्याचा डोस नव्हे. ती हौस आहे, आणि हौस म्हणूनच तिचा हिशेब करावा.

तो हिशेब इंधनापासून सुरू होतो. स्नायू आणि यकृत यांत साठवलेल्या साखरेतून साधारण 2000 किलोकॅलरी मिळतात. दोनशे किलोमीटरला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. चरबीचा साठा मोठा असतो, पण ती सावकाश जळते. म्हणून भूक लागण्याची वाट पाहणारा सायकलस्वार तीन-चार तासांनी अचानक रिकामा होतो: पाय जड, डोके सुन्न, विनाकारण चिडचिड. उपाय साधा आहे. दर अर्ध्या-पाऊण तासाला केळे, खजूर, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू असे काही तोंडात टाकत राहायचे. या भागाची मासवडी आणि तिखट रस्सा टाळून परतणे कठीण आहे, हे मान्य. पण भर दुपारी पोटभर रस्सा ओरपून लगेच पॅडल मारू लागणाऱ्याला पुढचे तीस किलोमीटर त्याची आठवण राहते.

पाण्याचे गणित अधिक नाजूक. उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि घामाबरोबर मीठही. पाणी कमी पडले तर पायात गोळे येतात, पुढे उष्माघाताचा धोका. उलट भीतीपोटी नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर ढोसले तर रक्तातले सोडियम पातळ होते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण अशी जवळपास तीच लक्षणे दिसतात. मिठाचे लिंबू सरबत किंवा ओआरएसची पुडी दोन्ही बाजू सांभाळते. बरोबरचा माणूस बरळू लागला किंवा उन्हात त्याला हुडहुडी भरली, तर फेरी तिथेच संपली असे समजून त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करावे आणि 108 ला फोन करावा.

हात-पायांच्या तक्रारी बहुधा सायकलच्या मापातून येतात. सीट खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. पॅडल सर्वांत खाली असताना पाय जवळपास सरळ, किंचित वाकलेला हवा. सगळा भार हँडलवर टाकला की तळहातातली नस दबते आणि करंगळी-अनामिका बधिर होतात. सीटवर एकाच जागी बसून राहिले की जांघेतही तसाच बधिरपणा येतो. तो लाजेने लपवू नये, उभे राहून पॅडल मारावे आणि फेरीनंतरही टिकला तर डॉक्टर गाठावा.

वाऱ्याबद्दल हौशी लोकांचा अंदाज हमखास चुकतो. हवा शांत असतानाही वेग ताशी 20 वरून 25 केला तर हवेशी झुंजायला लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. पावसाळ्यात या पठारावर पश्चिमेचा वारा घोंगावतो. माळशेजकडून पूर्वेला, आळेफाट्याच्या दिशेने निघालेल्याला तो पाठीवर घेतो आणि आपण आज फारच फॉर्मात आहोत असा भ्रम देतो. उलट फिरल्यावर खरा भाव कळतो. अशा वेळी पुढच्याच्या आडोशाने चालवले तर श्रम पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक वाचतात. मात्र मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला लागले की मागचाच पडतो. अनोळखी सोबत्याच्या चाकाला चिकटू नये. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की कडी तापतात, म्हणून ते थांबून थांबून दाबावेत. माळशेजला पावसाळ्यात धुके आणि कोसळणारे दगड यांचीही भर असते, तेव्हा त्या घाटात सायकल न नेलेलीच बरी.

या भागाचे नाव निघाले की बाहेरचा माणूस आधी बिबट्याची चौकशी करतो. चौकशी अस्थानी नाही. उसाच्या शेतात बिबट्याला लपायला आणि पिल्ले वाढवायला आयती जागा मिळाली, आणि 2001 च्या सुमारास जुन्नर परिसरातील हल्ल्यांनी हा प्रश्न राज्यभर गाजला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. 2024 मध्ये पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात शेतावरच्या स्त्रियांचा जीव गेला. इथले लोक हा धोका रोज अंगावर घेऊन शेती करतात. एका दिवसाच्या सायकलवाल्याने त्याचे थरारक किस्से करणे शोभत नाही. त्याने एवढेच पाळावे: अंधारात उसाच्या कडेने एकटे थांबू नये, रस्त्यालगत वाकून पंक्चर काढत बसू नये, वस्तीपर्यंत सायकल ढकलत न्यावी, आणि बिबट्या दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

पण सायकलवाल्यासाठी बिबट्यापेक्षा ट्रॅक्टर मोठा. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. अनेकांना मागे दिवा नसतो, लाल परावर्तकही नसतो, आणि बाहेर आलेले ऊस सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर असतात. त्याच रस्त्याने कांदा-टोमॅटो भरलेल्या पिकअप बाजाराची वेळ गाठायला पळतात. ट्रॉली चुकवायला सायकल आत येते, पिकअप मागून येते, आणि डावीकडे डांबर संपून साइडपट्टी चार बोटे खाली गेलेली असते.

यातली मेख अशी की सायकलीचा उत्तम हंगाम आणि उसाचा हंगाम एकच, हिवाळा. ऊसतोडीने बिबट्याचा आडोसाही तेव्हाच मोडतो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी सहाला निघालेल्या माणसाला नियमाने संध्याकाळी साडेसातपर्यंत मुभा आहे. म्हणजे पहिला तास अंधाराचा आणि शेवटचा दीड तासही. त्या शेवटच्या दीड तासात माणूस सर्वांत थकलेला असतो, खड्डा उशिरा दिसतो, ब्रेक उशिरा लागतो आणि चाकणच्या बाजूची वाहतूक सर्वांत दाट असते. लांब पल्ल्याच्या सायकलीतला धोका किलोमीटरमध्ये मोजला जातो, ही गफलत आहे. तो तासांत मोजायला हवा.

म्हणून मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट हे ब्रेव्हेत सक्तीचे असते, तसे ते एकट्याने निघणाऱ्यानेही वापरावे. हेल्मेट कायद्याने सायकलवाल्याला सक्तीचे नाही, तरी त्याशिवाय महामार्गावर चाक घालू नये. परतीची वेळ घरूनच ठरवावी. हिवाळ्यात सहाला निघालेल्याने दुपारी बारापर्यंत पिंपरी पेंढार करून आळेफाटा परत गाठलेला नसेल, तर उजेडात पुणे गाठणे अवघड आहे. मग नारायणगाव किंवा मंचरला मुक्काम करावा, नाहीतर सायकल टेम्पोत टाकावी. ब्रेव्हेत असे केले तर नावापुढे ‘पूर्ण केली नाही’ एवढीच नोंद होते, आणि पुढच्या फेरीला पुन्हा नाव देता येते.