केस कुणी कापले?

वालचंदनगरजवळच्या जंक्शन गावच्या चौकातल्या सलूनमधून बाहेर पडलेला पोरगा मित्राला ऐटीत सांगतो, ‘आय कट माय हेअर.’ मराठीत ‘केस कापले’ म्हटलं तर कात्री कुणाच्या हातात होती असं कुणी विचारत नाही. स्वतःचे केस स्वतः कोण कापतो? दाढीचं तसं नाही. ती घरीही होते, म्हणून ‘दाढी केली’ आणि ‘दाढी करून घेतली’ हा भेद आपण न शिकवता पाळतो. म्हणजे दुसऱ्याकडून काम करवणं मराठीला नवं नाही. ‘बसणे-बसवणे, हसणे-हसवणे’ ही प्रयोजक क्रियापदं शाळेत घोकलेलीच असतात. फक्त जिथं सगळं उघड आहे तिथं मराठी त्यांच्या नादाला लागत नाही. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र त्या पोराच्या वाक्यात बहुधा घरचा आरसा आणि घरचीच कात्री दिसते. ‘आय हॅड माय हेअर कट’ किंवा ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हटलं, की न्हावी आलाच.

आता याचं दुसरं टोक. काम दुसऱ्यानं केलं की दर वेळी ‘हॅड’ नाहीतर ‘गॉट’ घालायलाच हवं, असं काही शिकवण्यांमध्ये ठासून सांगतात. तेही खरं नाही. उद्योगपती शेठ वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर, म्हणजे आजच्या वालचंदनगरात, साखर कारखाना उभारला, हे इंग्रजीतही ‘वालचंद बिल्ट अ शुगर फॅक्टरी’ असंच लिहितात. शेठजींनी स्वतः विटा रचल्या, असं वाचून कुणाला वाटत नाही. १९४८ साली त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीच्या विशाखापट्टणमच्या गोदीतून ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरलं. ते वालचंदांनी बांधलं असं म्हटलं, तरी तोच न्याय. घर, कारखाना, जहाज यांचा कर्ता मालक असला तरी दोन्ही भाषांना चालतं.

जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेर करायला दिलेल्या कामाच्या, कागदावर मात्र चालत नाही, आणि वालचंदनगरसारख्या गावात हा मुद्दा व्याकरणापुरता उरत नाही. साखर कारखान्यांची यंत्रं, मोठमोठे गिअरबॉक्स, इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरची आवरणं जिथं बनतात, तिथं कुठलं काम आत झालं आणि कुठलं बाहेर दिलं याला किंमत असते. ‘वी वेल्डेड द फ्लँज’ म्हणजे वेल्डिंग आमच्या शॉपमध्ये झालं. ‘वी हॅड द फ्लँज वेल्डेड’ म्हणजे कुणाकडून तरी करवून घेतलं. मग तपासणीला आलेला माणूस कुठं, कुणाकडून, त्याचा दाखला कुठाय, हे विचारणारच. त्यात तेच शब्द जागा बदलून ‘वी हॅड वेल्डेड द फ्लँज’ असे पडले, तर अर्थ पुन्हा उलटतो: वेल्डिंग आम्हीच केलं, आणि ते आधीच उरकलं होतं. ‘हॅड’ दिसलं की भूतकाळ, एवढंच पाठ केलेला माणूस इथं हमखास फसतो.

‘हॅव’ आणि ‘गेट’ एकच, हा समज अर्धा बरोबर आहे. वस्तूबद्दल बोलताना दोन्ही चालतात. ‘गॉट’ जरा घरगुती, एवढाच फरक. मधे माणूस आला की मांडणी बदलते: ‘आय हॅड द प्लंबर फिक्स द टॅप’, पण ‘आय गॉट माय ब्रदर टू फिक्स द टॅप’. ‘गेट’ला ‘टू’ लागतो, ‘हॅव’ला लागत नाही. छटाही वेगळी. प्लंबरचं ते कामच आहे, त्याला सांगितलं की झालं. भावाला मात्र गळ घालावी लागते, आणि ती गळ ‘गॉट’मध्ये ऐकू येते. माणसाला असं ‘हॅव’ लावण्याची सवय अमेरिकनांना जास्त, ब्रिटिश तिथं सहसा ‘गेट’ वापरतात. शिवाय ‘आय विल गेट इट डन’ म्हणणारा काम दुसऱ्यावर ढकलतोय असंही धरू नका. तो स्वतःही करून टाकेल.

‘मेक’ जपून वापरावं. ‘आय मेड द डॉक्टर चेक माय मदर’ ऐकून वाटतं, डॉक्टरांची कॉलर धरली होती. मराठीत ‘करवून घेतलं’ आणि ‘करायला लावलं’ यांत जो फरक कानाला कळतो, तोच इथं आहे. तो कान वापरला तर निम्मं व्याकरण सुटतं. ‘ही मेड मी लाफ’मध्ये मात्र जबरदस्ती नाही, हसू आपसूक आलं. आणि ‘लेट’ म्हणजे करू देणं. त्याच्यापुढं ‘टू’ नको, ‘अलाऊ’ला हवा.

राहिला सगळ्यात चिवट समज: ‘हॅड’ आलं म्हणजे काम आपणच सांगितलेलं असणार. बारामतीच्या एसटी स्टँडवर गर्दीत कुणाचं पाकीट गेलं, तर तो इंग्रजीत म्हणेल, ‘आय हॅड माय पॉकेट पिक्ड.’ खिसेकापूला त्यानं सुपारी दिलेली नसते. नको ते आपल्या वाट्याला आलं, हेही इंग्रजी याच साच्यात सांगते. मराठी इथं ‘माझा खिसा कापला गेला’ असं म्हणते. ‘मी केस कापले’च्या चालीवर ‘मी खिसा कापला’ म्हणून बघा, स्टँडवरचा पोलीस तुम्हालाच बसवून ठेवेल.