माइक भारी, केबल बिचारी!

चाल जमली, शब्द जमले, घरच्यांना विनवण्या करून टीव्हीही बंद करून घेतला. हेडफोन लावून तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबता आणि गाण्याच्या आधी कानात शिरतं ते ‘घुंऽऽऽ’. मित्रांचा सल्ला ठरलेला असतो: माइक बदल. थांबा! माइक विकायला काढण्याआधी त्याच्या बुडाला लावलेली वायर एकदा नीट बघा.

कोपरगावसारख्या गावात घरचा स्टुडिओ ही आता नुसती हौस नाही. शिर्डी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे साईभजनं आहेत. हरिनाम सप्ताह आहेत, लग्नाची गाणी आहेत, निवडणूक लागली की प्रचारगीतं आहेत. प्रत्येक गाण्यासाठी नाशिक नाहीतर पुणं गाठण्यापेक्षा दहा बाय बाराच्या खोलीत लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक मांडलेला परवडतो. गडबड होते ती बजेटमध्ये. सगळे पैसे माइकवर जातात आणि केबल मात्र ‘असेल ती द्या’.

आता जरा हिशेब बघा. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे, तुम्ही तो कुठल्या ना कुठल्या स्टेजवर पाहिलेला असणारच. त्याच्यासमोर मोठ्याने बोललात तरी त्यातून निघणारा सिग्नल असतो दोन मिलिव्होल्टच्या आसपास. शेजारच्या भिंतीतून जाणाऱ्या वायरीत असतात २३० व्होल्ट, म्हणजे लाखपटीहून जास्त. ही वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते आणि तिची चाहूल आजूबाजूच्या तारांना लागते. तुमचं ‘घुं’ म्हणजे बऱ्याचदा हीच चाहूल.

आत तारा किती, ते बघा

यावरचा इलाज केबलच्या आतच असतो. चांगल्या माइक केबलमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी. हिला बॅलन्स्ड केबल म्हणतात. दोन तारांमधून तुमचा आवाज उलटसुलट जातो. समजा एकीवर अधिक ५ आणि दुसरीवर उणे ५. वाटेत विजेचा २ इतका गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढला, तर झाले ७ आणि उणे ३. इंटरफेस या दोघांची वजाबाकी करतो. उत्तर पुन्हा १०! गोंगाट गेला, गाणं राहिलं. शाळेतलं गणित असं कामाला येतं.

या केबलच्या टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर कनेक्टर असतो. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीने तो आणला, म्हणून आपल्याकडचे साउंडवाले अजूनही त्याला ‘कॅनन पिन’ म्हणतात. पिन १ ला जाळी, २ आणि ३ ला दोन तारा. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवरही याच वाटेने इंटरफेसकडून माइककडे जातो.

इथेच पहिली फसगत होते. कराओके माइकसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलला एका बाजूला कॅनन पिन आणि दुसऱ्या बाजूला जाड मोनो पिन असते. भजनी मंडळाच्या अँप्लिफायरला ती चालते. इंटरफेसला लावली तर वजाबाकी होत नाही आणि कंडेन्सर माइकला वीजही मिळत नाही. मग ‘माइक डेड आला’ म्हणून परत पाठवला जातो. तेव्हा खरेदीचा पहिला नियम: दोन्ही टोकांना एक्सएलआर, एक मेल, एक फिमेल.

महाग घ्यायची की स्वस्त?

दोन्हींच्या मधली. कॅनारे आणि मोगामी या जपानी कंपन्यांच्या केबलचं नाव मोठं आहे, आणि ते उगाच नाही. पण घरातल्या पाच मीटर अंतरात नीट बनवलेली साधी बॅलन्स्ड केबल आणि खूप महाग केबल यांतला फरक तुमच्या श्रोत्याला ऐकू येणार नाही. वाचलेल्या पैशांत खोलीचा घुमारा मारायला जाड पडदे घ्या. भिंतीपलीकडे विजेचा मोठा पॅनेल किंवा जवळच ट्रान्सफॉर्मर असेल, तर मात्र चार तारांची ‘स्टार क्वाड’ केबल घ्या. चुंबकीय गोंगाटाला ती जास्त दाद देत नाही.

माइक सारखा हलवणार असाल तर विणलेल्या जाळीची मऊ केबल घ्या. पाइपमधून एकदाच कायमची टाकणार असाल तर फॉइलवाली चालेल. फॉइल वारंवार वाकवली की फाटते.

लांबी मोजताना सरळ रेषेत मोजू नका. केबल भिंतीच्या कडेने जाणार, स्टँडवर चढणार, वर मीटरभर ढील हवी. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येतो म्हणून तो लांब ठेवायचाय? मग यूएसबी वायर वाढवू नका, तिची मर्यादा साधारण पाच मीटरच आहे. बॅलन्स्ड माइक केबल वीस मीटर झाली तरी कुरकुर करत नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ गाठणार असाल, तर मीटरवर केबल आणि सुटे कनेक्टर आणून घरीच सोल्डरिंग करता येतं. फक्त कनेक्टरचं मागचं टोपण आधी केबलमध्ये ओवा. नाहीतर तिन्ही डाग मस्त बसल्यावर टोपण टेबलावर दिसतं आणि सगळं पुन्हा उकलावं लागतं. शेवटी मल्टिमीटर लावा. १ ला १, २ ला २, ३ ला ३ वाजलं पाहिजे, आणि आडवंतिडवं काहीही वाजता कामा नये.

खोलीत टाकताना

- माइक केबल विजेच्या केसिंग-पट्टीत कधीच नको. तिला वेगळा पाइप द्या आणि विजेच्या वायरीपासून फूटभर लांब ठेवा.
- दोघींना एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. समांतर धावल्या की गोंगाट वाढतो.
- उरलेली केबल चार्जर, इन्व्हर्टर किंवा स्टॅबिलायझरवर गुंडाळून ठेवू नका.
- लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर एकाच बोर्डावर लावा. वेगवेगळ्या सॉकेटमुळे अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि पुन्हा ‘घुं’.
- केबल आधी जोडा, ४८ व्होल्टचं बटण नंतर दाबा.
- काम झाल्यावर केबल कोपराभोवती दोरीसारखी आवळू नका. सैल वेटोळी करा.

तरीही आवाज येतोय? नीट ऐका. केबल हलवल्यावर ‘खर्रऽ’ झालं तर डाग कच्चा आहे, मेकॅनिकच्या भाषेत ‘ड्राय सोल्डर’. बारीक ‘चींऽऽ’ असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पंख्याच्या रेग्युलेटरबरोबर आवाज बदलला तर गुन्हेगार तोच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घुमत असेल तर ते रेकॉर्डिंग लाइट आल्यावर करा. आणि उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं माइकमध्ये आलं, तर त्याला कुठलीच केबल जबाबदार नाही. सीझनमध्ये रात्री उशिरा गा.

तिसरी पिन तोडू नका

सगळ्यात महत्त्वाचं आता. ‘घुं’ घालवण्याचा एक जुगाड सर्रास सांगितला जातो: प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाक. आवाज कधीकधी खरंच जातो. पण त्याबरोबर तुमचं संरक्षणही जातं. केबलची जाळी माइकच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. एखाद्या उपकरणात बिघाड होऊन वीज बॉडीवर उतरली आणि अर्थिंग नसेल, तर ती याच जाळीवाटे माइकपर्यंत येऊ शकते. माइक तुमच्या ओठांजवळ असतो, हात घामेजलेले असतात.

ही नुसती भीती नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वे याचा स्टेजवरच मृत्यू झाला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता.

जुन्या घरात तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. म्हणून केबल ऑर्डर करण्याआधी वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. या खर्चाने गाण्याला व्ह्यूज वाढणार नाहीत. पण घरात स्टुडिओ असला की माइक फक्त तुमच्याच हातात राहत नाही. शेजारची शाळकरी पोरगी भजन म्हणायला येते, आजोबा अभंग रेकॉर्ड करायला बसतात. आधी अर्थिंग, मग केबल, मग माइक. यादी या क्रमाने करा.