प्रश्नाशी कुस्ती

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुरा, सिडको, उस्मानपुऱ्यातल्या क्लासेसबाहेर एकच विषय असतो: तुझी शिफ्ट सोपी होती की अवघड? 2025 मध्ये प्रकरण त्यापलीकडे गेलं. 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. सुमारे 27 हजार मुलांना 5 मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पर्सेंटाइल आपण दशांशानंतर सात स्थळांपर्यंत छापतो, पण तो फक्त त्या सत्रातल्या मुलांचा क्रम सांगतो. प्रश्न धड होता का, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्याची रीत डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांनी 1960 च्या पुस्तकात मांडली. प्रत्येक उत्तर म्हणजे विद्यार्थी आणि प्रश्न यांच्यातली कुस्ती. ताकद सारखी असेल तर विद्यार्थी जिंकण्याची शक्यता निम्मी. तो राश यांच्या मोजपट्टीवर एका एककाने वरचढ असेल तर 73 टक्के, दोन एककांनी असेल तर 88. हजारो कुस्त्यांच्या निकालांवरून दोघांचीही ताकद काढता येते. खरी मौज पुढेच आहे. नवखी पोरं ज्याला सहज चीत करतात आणि कसलेले पैलवान मात्र ज्याच्यापुढे आडवे होतात, असा गडी सापडला की समजावं, इथे काहीतरी गडबड आहे. बहुतेकदा उत्तरसूची चुकलेली असते, किंवा दुसराही पर्याय बरोबर ठरत असतो आणि नीट विचार करणारं मूल नेमकं तिथेच अडकतं. तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेली चूक मुलांच्या उत्तरांतून अशी उघडी पडते!

या गणिती मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष उत्तरं किती जुळली, याचा आकडा 1 च्या आसपास असावा लागतो. बहुपर्यायी प्रश्नांना साधारण 0.7 ते 1.3 पर्यंत चालवून घेतात. 0.7 हून कमी आला तर तो प्रश्न इतर प्रश्नांनी सांगितलेलंच पुन्हा सांगत असण्याची शक्यता असते.

प्रश्न मॉडेलमध्ये बसला नाही तर प्रश्न काढा, मॉडेल बदलू नका, असा राश यांचा बाणा. अमेरिकेच्या अ‍ॅलन बर्नबॉम यांनी 1968 मध्ये प्रश्नागणिक बदलणाऱ्या पारखण्याच्या क्षमतेला आणि अंदाजपंचे ठोकलेल्या उत्तरांनाही गणितात जागा दिली. मला राश यांची शिस्त आवडते, पण काढलेला प्रश्न गुपचूप फेकून देणं मान्य नाही. तेवढ्याच तयारीची, पण सिल्लोड-कन्नड तालुक्यांतली मुलं एखाद्या प्रश्नात मागे पडत असतील, तर त्या प्रश्नात आलेला, समजा, सरकता जिना त्यांनी कधी पाहिलाय का, हे आधी तपासायला हवं.

प्रश्न मुलांच्या जगाशी जुळायला हवा, हे भान आपल्याकडे राश यांच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी होतं. व्ही. व्ही. कामत यांनी मूळची फ्रेंच बिनेट बुद्धिमत्ता चाचणी नुसती भाषांतरित केली नाही. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर वापरून त्यांनी ती नव्याने बसवली आणि 1934 मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. बिनेट-कामत चाचणी आजही देशातल्या अनेक रुग्णालयांत वापरली जाते, तरी मानसशास्त्राच्या वर्गाबाहेर कामतांचं नाव कुणाला माहीत नसतं. ते शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

कामतांसारखे सीईटीचे प्रश्न आधी मुलांवर वापरून पाहिले तर ते फुटतील, ही भीती रास्त आहे. अमेरिकेच्या जीआरई परीक्षेत त्यासाठी 2023 पर्यंत खऱ्या विभागांत बिनगुणांच्या प्रश्नांचा एक विभाग मिसळलेला असायचा. कोणता, ते परीक्षार्थीला कळत नसे. सीईटीच्या प्रत्येक सत्रात असे चार-पाच प्रश्न घालावेत, त्यांच्यासाठी जादा वेळ द्यावा आणि जे टिकतील तेच पुढच्या वर्षी गुणांसाठी घ्यावेत.