‘वर्क’ म्हणजे नुसते ‘काम’ नव्हे!

इंग्रजी शास्त्रपुस्तकात ‘वर्क’ हे क्रियापद पानोपानी भेटते. ‘वर्क’ म्हणजे काम करणे, असे समजून आपण पुढे जातो आणि फसतो. पंप ‘वर्क’ करतो म्हणजे चालतो. औषध ‘वर्क’ करते म्हणजे लागू पडते. पुढे ‘आउट’ जोडले, की अर्थ होतो गणित सोडवणे. कर्ता कोण आणि पुढचा शब्द कोणता हे पाहिल्यावाचून अर्थ ठरवू नये.

या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप ‘रॉट’. बोलण्यातून ते गेले, पण ‘रॉट आयर्न’मध्ये, म्हणजे घडीव लोखंडात, टिकून राहिले. (सडण्याचा ‘रॉट’ वेगळा, त्याचे स्पेलिंगही निराळे!) ‘वर्क’ आणि ग्रीक ‘एर्गॉन’ यांचे मूळ एकच. एर्गॉनपासूनच ‘एनर्जी’ हा शब्द आणि ‘अर्ग’ हे एकक आले. तेव्हा कार्य आणि ऊर्जा यांचे नाते भाषेतही आहे.

खरी पंचाईत पदार्थविज्ञानात होते. १८२९ साली कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने यंत्रांवरील ग्रंथात ‘श्रम’ अशा अर्थाच्या साध्या फ्रेंच शब्दाला मोजमापात बसवले. बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. इंग्रजीत हा भार ‘वर्क’वर पडला. १० किलोग्रॅमची बादली १ मीटर उचला. सुमारे ९८ ज्यूल कार्य झाले. आता ती तशीच पाच मिनिटे धरून उभे राहा. विस्थापन शून्य, म्हणून बादलीवर झालेले कार्यही शून्य! हात मात्र भरून येतो. बादली हलत नसली, तरी ती तोलून धरण्यासाठी स्नायूंतले तंतू आतल्या आत सारखे ओढ घेत असतात. त्यात रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते.

मराठीत आपण ‘काम’ आणि ‘कार्य’ असे दोन शब्द ठेवले, ही मोठीच सोय. इंग्रजी मुलांना ती नाही. पण त्यांच्या पुस्तकात एक खूण सापडते. हिशेबातले कार्य सांगताना ‘वर्क’ बहुधा नाम होऊन येते आणि क्रियापदाची जागा ‘डू’ घेते. ‘द मोटर वर्क्स’ म्हणजे मोटर चालू स्थितीत आहे. ‘द मोटर डझ वर्क’ असे वाचलेत, तर पुढे ज्यूलचा आकडा शोधा.