मत्स्यपेटीतील अज्ञात अळ्यांची ओळख

अकोल्याच्या जठारपेठेत किंवा तशाच एखाद्या वस्तीत हौसेने मासे पाळणाऱ्याच्या काचपेटीत एके दिवशी अनोळखी अळ्या वळवळताना दिसतात. तो एक तर सारे पाणी ओतून देतो, अथवा माशांना आयते खाद्य मिळाले म्हणून स्वस्थ राहतो. दोन्ही निर्णय ओळख पटण्यापूर्वीच घेतलेले असतात. रंगावर विसंबू नये. प्राणी श्वास कसा घेतो ते पाहावे.

तळाच्या गाळात नळी करून राहणारी, रक्तासारखी लाल अळी पाहून माणसे उगाच घाबरतात. ती कायरोनोमस या डासासारख्या दिसणाऱ्या, परंतु न चावणाऱ्या कीटकाची होय. तिची लाली हीमोग्लोबिनची असून तिच्या बळावर ती प्राणवायूची वाण असलेल्या गाळातही तग धरते. मासे तिला आवडीने खातात. याउलट मातकट, संथ, सहा पायांचा चतुराचा डिंभ अगदी गरीब दिसतो. पण डोक्याखाली घडी करून ठेवलेला अधरोष्ठ निमिषात पुढे फेकून तो माशांची पिले पकडतो. शरीर सडपातळ व शेवटी पानांसारखे तीन कल्ले असतील तर तो टाचणीचा डिंभ समजावा. टाचणीची मादी पाणवनस्पतींच्या देठांत अंडी घालते. विकत आणलेल्या वनस्पतीबरोबर हा पाहुणा घरात येतो.

खरी चिंता डासांची. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहणारी अळी ॲनॉफिलीसची. तिला श्वसननलिका नसते. डोके खाली करून तिरपी लोंबणारी अळी क्यूलेक्सची किंवा एडीसची. भिंगातून पाहता नलिका लांब व केसांचे झुपके अनेक दिसले तर क्यूलेक्स. नलिका आखूड, जाड व झुपक्यांची एकच जोडी असली तर बहुधा एडीस, म्हणजेच डेंग्यूचा वाहक.

आता एक विसंगती ध्यानात घ्यावी. भुकेले मासे डासांच्या अळ्या सहसा शिल्लक ठेवीत नाहीत. म्हणून पेटीत चार अळ्या वाचल्या असतील, तर घरातील मासे नसलेल्या रांजणात व टाकीत त्या कितीतरी अधिक असण्याचा संभव आहे. जेथे नळ रोज येत नाही, तेथे साठवण अटळच असते. एडीसची अंडी पाण्याच्या काठालगत भांड्याच्या भिंतीला चिकटतात व कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते.

भिंगानेही शंका न फिटल्यास अळी वाढू द्यावी. रोनाल्ड रॉस यांना 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस ज्या डासांत हिवतापाचे जंतू आढळले, ते डास त्यांनी बाटलीतील अळ्यांपासूनच मिळविले होते, आणि त्या जातीचे नाव तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते! आपणही दोन-तीन अळ्या त्याच पाण्यासह बाटलीत घालून तोंडावर दुपदरी मलमल घट्ट बांधावी. उन्हाळी उष्म्यात आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. काळ्या पायांवर पांढरे पट्टे व पाठीवर वीणेसारखी पांढरी आकृती दिसल्यास तो एडीस इजिप्ती. मग मलमल न सोडता बाटली उकळत्या पाण्यात बुडवावी, आणि त्याच दिवशी घरातील सर्व रांजण घासावयास घ्यावेत.