रेवडीपासून गदेपर्यंत

मुरलेल्या पैलवानाचा कान कधी नीट पाहिलाय? तुमच्या-माझ्या कानाला असतात ती नाजूक वळणं तिथे नसतात. असतो तो एक घट्ट, गाठीगाठींचा गोळा. लोकांना वाटतं, कुणीतरी एका फटक्यात मोडला असेल. खरी हकिकत त्याहून अजब आहे. कानाच्या आतल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, वरच्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावर ती जगते. कुस्तीत डोकं रोज समोरच्याच्या छातीला, मांडीला, मातीला घासतं. घासता घासता एक दिवस ते आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मधल्या फटीत रक्त साचतं. वेळीच काढलं नाही, तर शरीर त्या जागी चक्क नवी कूर्चा बांधायला घेतं! वेडीवाकडी, टणक आणि जन्मभराची. झटापटीची वर्षं माणसाच्या अंगावर अशी कोरून ठेवणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

आणि त्या कानामागची कारकीर्द? ती मला कुठल्याही डावापेक्षा अद्भुत वाटते. सुरुवातीला ना करार असतो, ना पगार. तरी गावंच्या गावं मिळून एका पोराला जग जिंकायला उभं करतात. हे जमतं कसं?

सुरुवात होते रेवडीपासून.

कल्याण सोडून गाडी अंबरनाथ, बदलापूरकडे निघाली की खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात. पण त्या इमारतींच्या मागे आगरी-कोळ्यांची जुनी गावं आहेत, गावदेवीच्या जत्रा आहेत आणि जत्रेत कुस्त्यांचा फड आहे. दुपार कलली की हलगी कडाडते आणि माणसं मैदानाभोवती कडं करून बसतात. पहिली जोड लागते ती सात-आठ वर्षांच्या पोरांची. जिंकला त्याला रेवड्या, नाहीतर नारळ. मग थोडी मोठी पोरं, थोडे पैसे. पुन्हा त्याहून मोठी, त्याहून जास्त पैसे. वजनकाटा कुठेच नसतो! पंच दोघांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात, लोकांना दाखवतात. जोड तोडीची वाटली तर कुस्ती लागते, नाहीतर लोकच ओरडून ती मोडतात. इनामाचा आकडा चढत जातो आणि सूर्य मावळायला आला की नंबर एकची कुस्ती लागते, नामांकित मल्लांची.

काय घडलं बघा. एका दुपारी, एकाच मातीत, पैलवानाचं अख्खं आयुष्य क्रमाने आपल्यासमोरून गेलं. कडेला रेवडी चघळत बसलेल्या पोराला त्याची पुढची पंधरा वर्षं पायरी-पायरीने दिसली. अशी उघडी शिडी किती खेळांत असते?

आणि ही शिडी फक्त आपल्याकडेच नाही. कल्याणला लागूनचं उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे. ती ज्या मुलखातून आली त्या सिंधमध्येही मेळ्यांत कुस्ती लागते, तिला मलाखडो म्हणतात. एकमेकांच्या कमरेला पिळलेलं कापड बांधायचं आणि त्यालाच धरून समोरच्याला जमिनीवर आणायचं. पार पूर्वेला कंबोडियात ‘कुन खमेर’ ही लाथा, गुडघे, कोपरं आणि मुठींची लढाई. तिथले नामांकित लढवय्येही गावच्या उत्सवांतून वर येतात. लढत चालू असताना ढोलकं, झांजा आणि सनईसारखं वाद्य वाजत राहतं आणि चुरस वाढली की लयही चढते. पोल पॉटच्या १९७५ ते १९७९च्या राजवटीत ही परंपरा जवळजवळ पुसली गेली होती. तीच विद्या २०२३ साली नॉम पेन्हला भरलेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत दिमाखात उभी राहिली. आपल्या हलगीवाल्याला तिथे नेऊन बसवलं तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

पण रेवडी जिंकणं वेगळं आणि पैलवान होणं वेगळं. मधे तालीम असते. पहाटे अंधारात उठायचं, आखाडा उकरायचा, जोर मारायचे, बैठका काढायच्या, दोरावर चढायचं, मग जोडीदारांशी लढत. संध्याकाळी पुन्हा तेच. त्याला पुरेल असा खुराक हवा: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी. एका पोराच्या खुराकात साधं शेतकरी घर मेटाकुटीला येतं. म्हणून जत्रेतलं इनाम ही चैन नसते, उद्याचं दूध त्यावरच येतं. गाव वर्गणी काढतं, इनाम लावतं, इनामातून खुराक चालतो, खुराकातून पुढच्या जत्रेचा मल्ल तयार होतो. हे चक्र कुणी कागदावर आखलेलं नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या फिरतंय!

आखाड्यातली माती तरी साधी असेल असं वाटतं ना? लाल माती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर मुरवतात. तेलामुळे तिची धूळ होत नाही, ती मऊ राहते, पाठ आपटली तरी झेलते. आणि खरी गंमत पकडीत आहे. घामाने निथळलेलं अंग हातातून सटकतं. म्हणून पैलवान काय करतो? मूठभर माती उचलून समोरच्याच्याच अंगावर टाकतो. ज्याला पाडायचं त्यालाच आधी धरण्याजोगं करून घेतो.

मातीतला निकालही स्वच्छ. समोरच्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवायचे, त्याला अस्मान दाखवायचं. गुण नाहीत. पोटावर पालथा पडून मल्ल बराच वेळ तग धरू शकतो, कारण पालथं पडण्याचा दंड नाही. त्यामुळे मातीतला मल्ल संथ, वजनदार, दमसास राखणारा बनतो.

गादीवर, म्हणजे ऑलिम्पिकच्या मॅटवर, सगळंच उलटं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. खाली आणलंत तर दोन गुण. पाठ नुसती जमिनीकडे कलवलीत तरी दोन गुण, खांदे टेकण्याची गरजच नाही. रेषेबाहेर पाय गेला तर समोरच्याला एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. मातीत जे धीर धरणं, ते इथे हरणं. अंगमेहनत तीच, डावही बरेचसे तेच, पण वेळेचं गणित पार वेगळं.

आता विचार करा, आयुष्यभर मातीत लढलेला एखादा मल्ल थेट ऑलिम्पिकच्या गादीवर जाऊन उभा राहिला तर?

असा मल्ल होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. बांध्याने लहान आणि हालचालीला विजेसारखे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले आणि ५२ किलो गटात गादीवर उतरले. गादीची सवय नाही, नियम परके. तरी सहावे आले! सहावा क्रमांक ऐकून आपण पुढे जातो, पण मला तो पदकाइतकाच थोर वाटतो. वाढलेल्या जमिनीवरून उचलून दुसऱ्याच जमिनीवर ठेवलेला माणूस जगात सहावा येतो, ही काय साधी गोष्ट आहे?

चार वर्षांनी हेलसिंकी. पैशांची तीच रड. गावाने वर्गणी काढली, ओळखीपाळखीतून रक्कम उभी राहिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. एका प्राचार्याने, विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी, राहतं घर! जत्रेतल्या वर्गणीचंच हे विराट रूप नाही का?

५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत झाली. ती हरले. अंगातला दम पुरता संपलेला असताना लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण बाजू मांडायला भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं त्या दिवसाबद्दल सांगितलं जातं. ती लढतही गेली. तरीही २३ जुलै १९५२ या दिवशी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं कधी आलं ठाऊक आहे? १९९६ साली, लिअँडर पेसचं. मधे ४४ वर्षं. कुस्तीतलं पुढचं पदक तर २००८ साली, सुशील कुमारचं.

परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांची वाट, तिला सात तास लागले म्हणतात. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशांतून खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं. ऑलिम्पिकवीर पुन्हा मातीत उतरला, देणं चुकवण्यासाठी. १९५५ साली ते पोलीस दलात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार आजही नाही आणि हे मला खुपतं. महाराष्ट्र मात्र त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो.

त्यानंतरची पिढी बघा. सीमेपलीकडच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे दोघे १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उतरले आणि दोघांनीही दोन-दोन पदकं आणली: एक फ्रीस्टाइलमध्ये, एक ग्रीको-रोमनमध्ये. इथे जरा थांबा. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायला बंदी असते. मातीतल्या मल्लाचं पहिलं अक्षरच पट काढणं, म्हणजे पायात घुसणं. ते अक्षरच काढून घेतलं, तरी आंदळकरांनी सुवर्ण आणि मानेंनी रौप्य जिंकलं!

महाराष्ट्र केसरीची सुरुवात १९६१ सालची. तिची रचना मला फार देखणी वाटते. एका बाजूला माती विभाग, दुसऱ्या बाजूला गादी विभाग. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांसमोर उभे राहतात आणि मामासाहेब मोहोळांच्या नावाची गदा एकाच्या खांद्यावर चढते. दोन जगांपैकी कुठल्याच जगाला ही स्पर्धा सोडत नाही. गदा घरात राहते, तशी कधीकधी विद्याही राहते: दादू चौगुले १९७० आणि १९७१ साली महाराष्ट्र केसरी झाले, त्यांचा मुलगा विनोद २००० साली. मुंबईत दुधाचा धंदा करणाऱ्या, मूळच्या वाराणसीकडच्या घरातला नरसिंग यादव २०११ पासून सलग तीनदा जिंकला. लगेच पुढची तीन वर्षं विजय चौधरीची. दोघेही पोलीस दलात अधिकारी झाले, खाशाबांच्याच वाटेने. जागतिक स्पर्धेत २०१९ साली कांस्य जिंकणारा राहुल आवारेही तिथेच. गुडघे आणि खांदे किती वर्षं साथ देतील हे पैलवानाच्या हातात नसतं, म्हणून खाकी वर्दी ही त्याच्या खुराकाची दुसरी सोय ठरली.

आणि मुली? त्यांना ही रेवडीची पायरी फारशी मिळालीच नाही. गावच्या फडात पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्याच जोड्या लागल्या. मग त्या वर आल्या कुठून? गादीवरून. गावोगावची माती वेगळी, कुठे भुसभुशीत, कुठे जड. गादीचं लढतीचं वर्तुळ मात्र जगात कुठेही नऊ मीटर व्यासाचंच. तिच्यावर शिकणाऱ्या मुलीला गावच्या फडाने जागा देण्याची वाट बघावी लागत नाही. २०२३च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, म्हणजे पुरुषांनंतर ६२ वर्षांनी. अंतिम लढतीत सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली. हरलेली मल्ल होती त्याच कल्याणची, वैष्णवी पाटील. तीच वैष्णवी २०२५ साली झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या संघातून ६५ किलो गटात गादीवर उतरली.