मेमरी कार्डावर इमेज लिहिली, पण पडताळणी फसली: दोष कुठे शोधायचा?

रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक सुरू करायचा, तर आधी त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोएसडी कार्डावर लिहावी लागते. ती एका मोठ्या फाइलच्या रूपात मिळते. तिला डिस्क इमेज म्हणतात, कारण पहिल्या बाइटपासून पुढे कार्डावर जे असायला हवे ते सगळे, पार्टिशन टेबलसकट, तिच्यात जसेच्या तसे असते. म्हणून ती साधी कॉपी-पेस्ट करून चालत नाही. बलेना एचर, रास्पबेरी पाय इमेजर किंवा लिनक्सवरचा डीडी वापरून ती कार्डावर उतरवावी लागते. यातली पहिली दोन साधने लिहून झाल्यावर कार्ड पुन्हा वाचतात आणि वाचलेले लिहिलेल्याशी ताडून पाहतात. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळदा पडताळणी फसल्याचा संदेश येतो.

त्यावर विद्यार्थ्यांचा आवडता उपाय म्हणजे पुढच्या वेळी पडताळणीच रद्द करणे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातला रूळ अल्ट्रासॉनिक तपासणी झाल्याशिवाय रेल्वेकडे जात नाही. रूळ नापास होतो म्हणून तपासणीचे यंत्र बंद ठेवायचे, असे तिथे कोणी म्हणणार नाही. नापास कार्ड कधी कधी सुरूही होते, कारण बिघडलेले बाइट बूट होताना लागणाऱ्या फाइलींमध्ये नसतात. मग दोन आठवड्यांनी डेटा लॉगर बंद पडतो आणि प्रकल्पाच्या नोंदी हातच्या जातात.

संदेशाचा अर्थ एवढाच की परत वाचलेले बाइट लिहिलेल्या बाइटांशी जुळले नाहीत. बाइटांचा प्रवास हार्ड डिस्क, रॅम, यूएसबी केबल, कार्ड रीडर, कार्डातला कंट्रोलर आणि शेवटी फ्लॅश मेमरी असा होतो, आणि वाचताना त्याच वाटेने उलटा. दोष यातल्या कुठल्याही ठिकाणी असू शकतो. सगळे कार्डावरच ढकलू नका.

एक गोष्ट मात्र ही पडताळणी पाहत नाही: मुळात तुम्ही उतरवून घेतलेली फाइल बरोबर होती का? फाटकी फाइल इमानेइतबारे लिहिली गेली, तर पडताळणी यशस्वीच होईल. म्हणून आधी फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढा आणि संकेतस्थळावर दिलेल्या हॅशशी जुळवा. हा हॅश दाबलेल्या, म्हणजे एक्सझेड किंवा झिप फाइलचा आहे की उघडलेल्या इमेजचा, ते नीट वाचा. दोन्ही वेगळे असतात, आणि या घोळात चांगल्या फाइली पुन्हा पुन्हा उतरवल्या जातात.

आता मुख्य युक्ती. कार्ड पुन्हा लिहू नका, फक्त दोनदा वाचा. लिनक्सवर डीडीने कार्डाच्या सुरुवातीपासून इमेजच्या आकाराइतकेच बाइट वाचून हॅश काढा. इमेज ४ जीबीची आणि कार्ड ३२ जीबीचे असेल, तर अख्ख्या कार्डाचा हॅश कधीच जुळणार नाही. मग कार्ड काढा, परत घाला आणि पुन्हा हॅश काढा. कार्ड काढणे गरजेचे आहे, नाहीतर लिनक्स रॅममध्ये ठेवलेली प्रतच दाखवेल. हे सगळे कार्ड पायमध्ये घालण्याआधी करा. पहिल्या बूटनंतर सिस्टीम कार्डावर स्वतःचे लिहिते, मग हॅश जुळण्याचा प्रश्नच उरत नाही.

दोन वाचनांचे हॅश एकमेकांशीच जुळत नसतील, तर वाचण्याची वाट खराब आहे. रीडर बदला, हब काढून टाका. प्रयोगशाळेतल्या संगणकांचे पुढचे यूएसबी पोर्ट वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने सैल झालेले असतात, म्हणून मागचा पोर्ट वापरा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. रीडर बदलूनही तेच, पण दुसऱ्या संगणकावर सगळे ठीक, असे झाले तर पहिल्या संगणकाची रॅम मेमटेस्ट८६ने तपासा.

दोन्ही हॅश सारखे, पण इमेजच्या हॅशहून वेगळे असतील, तर चुकीचे बाइट खरोखरच कार्डावर आहेत. कुठे आहेत ते सीएमपी ही आज्ञा सांगते; पहिला फरक कितव्या बाइटवर आहे तो आकडा ती देते.

फरक मोजक्या बाइटांचा आणि फाइल सिस्टीमच्या नोंदींच्या जागी असेल, तर संशयित तुमची ऑपरेटिंग सिस्टीम. नवे पार्टिशन दिसताच लिनक्स डेस्कटॉप ते आपोआप माउंट करतो आणि तेवढ्यानेही नोंदी बदलतात. विंडोज बूट पार्टिशनवर स्वतःचे फोल्डर बनवते, वर फॉरमॅट करू का, असेही विचारते. होकार देऊ नका. आपोआप माउंट होणे बंद करून पुन्हा लिहा.

कार्डावर जुनाच मजकूर जसाच्या तसा असेल, तर दोन शक्यता. झिजलेले कार्ड काही वेळा फक्त वाचण्यापुरते उरते. लिहिण्याची आज्ञा घेते, पण बदलत काहीच नाही. असे कार्ड टाकून द्या. दुसरी शक्यता डीडीची: लिहिणे रॅमपर्यंतच पोचले आणि तुम्ही कार्ड ओढून काढले. क्लास १० कार्डाचा किमान लेखनवेग सेकंदाला १० एमबी असतो. कार्ड त्याच वेगाचे असेल, तर ४ जीबी लिहायला जवळपास सात मिनिटे हवीत. डीडी वीस सेकंदांत परतला, तर काम अजून झालेले नाही. सिंक ही आज्ञा द्या आणि थांबा.

सर्वांत फसवा प्रकार बनावट क्षमतेच्या कार्डांचा. आत ८ जीबी फ्लॅश असते आणि कंट्रोलर ६४ जीबी सांगतो. खऱ्या मर्यादेपलीकडचे बाइट काही कार्डे गिळून टाकतात, काही पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागतात. पहिल्यात फरक ८ जीबीच्या आसपास सुरू होतो, दुसऱ्यात पहिल्याच बाइटांपासून. पण इमेज ४ जीबीची असेल, तर ती खऱ्या भागात मावते आणि पडताळणी विनातक्रार पार पडते! पहिल्या बूटला फाइल सिस्टीम अख्ख्या कार्डभर पसरते आणि पुढे कधीतरी फाइली नाहीशा होऊ लागतात. म्हणून नवे कार्ड इमेज लिहिण्याआधीच लिनक्सवर एफ३ने किंवा विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यूने तपासा. दोन्ही साधने रिकामे कार्ड पूर्ण भरतात आणि परत वाचतात. सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी भरायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. रात्री लावून झोपा.